शेवटची गाडी येईपर्यंत

एकलहरे कॉलनी,
जून

प्रिय (हो, अजून तरी प्रियच) छाया,

काल तुझा फोन मी मध्येच बंद केला. रेंज गेली असेल असं तू स्वतःला समजावलं असशील, तर तसं काही नव्हतं. अजून एक वाक्य ऐकलं असतं तर माझ्या तोंडून फार वाईट काहीतरी निघालं असतं, म्हणून बंद केला. फोनवर आपलं नेहमी एकच होतं. मी तडकते, तू मुसमुसतेस, मग मी नरमते आणि शेवटी तुझंच खरं होतं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही आणि मला तुझा हुंदका ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसलेय. सोमनाथ वीज केंद्रात ड्युटीला गेलाय, नवरा नसला की घरात कुणी नसतं. त्याचा एक मित्र उद्या सकाळी मनमाडला यायचाय, त्याच्याच हाती हे पाठवते. शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून उशाखाली सारून द्यायची तुझी सवय मला माहीत आहे.

विषय तुझ्या लेकीचा, आपल्या योगिनीचा. मागच्या दिवाळीला ती नाशिकच्या त्या निवासी ॲकॅडमीतून घरी आली ती परत गेलीच नाही. बारावीची परीक्षा घरी बसून दिली. मैत्रीण नाही, बाहेर जाणं नाही, ताट घेऊन खोलीत जाते आणि दार लोटून घेते. डॉक्टर झाले, देव झाले, तुझ्या सासूबाईंचे अंगारे झाले. आणि आता अचानक ही पोर स्वतःच्या तोंडानं म्हणते की मला कॉलेजला जायचंय, आणि जाईन तर याच कॉलेजला जाईन. ते कॉलेज नेमकं मी जिथे ग्रंथपाल आहे ते. दुसरी कुणी मावशी असती तर तिनं पेढे वाटले असते. मी मात्र हे ऐकल्यापासून विषय टाळतेय.

तिनं आमच्या कॉलेजचं ते रील पाहिलंय. अख्ख्या जिल्ह्यानं पाहिलंय म्हणा. नाशिकच्या द्वारका चौकात त्याचं होर्डिंगही लागलंय. चिंचेखाली पोरं गोल करून बसलीयत, समोर डबे आहेत, पण कुणी झाकण उघडत नाही. सगळ्यांच्या माना रस्त्याकडे. मग धुरळा उडवत गाडी येते, एक गोरीपान मुलगी वेणी उडवत धावत येते, सगळे टाळ्या पिटतात आणि मग एकदम झाकणं उघडतात. वरून ड्रोन, मागे बासरी, आणि खाली अक्षरं येतात, 'इथे कुणी एकटं जेवत नाही.' तू म्हणालीस, योगिनी ते बघते, मागे घेते, पुन्हा बघते. छाया, मी ते एकदाच पाहिलं आणि मला खरोखर ओकारी आली.

ती हेच का बघते, ते तुला कळतंय ना? तुला तिनं किती सांगितलंय ठाऊक नाही, मला मात्र सांगितलंय. ॲकॅडमीच्या मेसमध्ये प्रत्येक टेबल कुठल्या ना कुठल्या ग्रुपचं असायचं. ही ताट घेऊन उभी राहायची आणि रोज विचारायची, इथे बसू का. रोज उत्तर मिळायचं, जागा धरलीय. धरलेली जागा शेवटपर्यंत रिकामीच असायची. मग तिनं विचारणं सोडलं आणि गच्चीच्या जिन्यात बसून बिस्किटं खायला लागली. तिथल्या रेक्टरबाई तुला काय म्हणाल्या होत्या? मुलगी मिक्स होत नाही. जणू सगळा दोष त्या लेकराचाच.

आणि मे महिन्यात तिला कसंबसं बाहेर काढून आपण तिघी नाशिकची कॉलेजं पालथी घालत फिरलो, ते आठवून मला अजून कानकोंडं होतं. काय एकेक देवळं बांधून ठेवलीयत! काचेच्या भिंती, आत बर्फासारखी हवा, दारात लाल बदामाचा सेल्फी पॉइंट. ती समुपदेशक का कोण, लिपस्टिकच्या आतून हसत दर वाक्याला 'मॅम, वी आर अ फॅमिली' म्हणत होती. अगं, आमच्या मुलीचं नाव तरी विचार आधी, मग फॅमिली हो! आणि तो बिबट्या! भर उन्हात पार्किंगमध्ये बिबट्याचं सोंग घालून कुणाच्या तरी पोराला नाचवत होते, कॉलेजचं स्पिरिट म्हणे. तो मुंडकं काढून पाणी प्यायला तेव्हा त्याचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता. तू फोटो काढत होतीस. योगिनीनं तिथे एकच गोष्ट विचारली. कॅन्टीनमध्ये कुठेही बसता येतं का? ती बया म्हणाली, ऑफकोर्स, ग्रुप्स असतात ना छान छान. मी योगिनीचा हात धरला होता, तो गार पडला. परतीच्या वाटेवर ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि तू मला डोळ्यांनी खुणावलंस, तुमच्या कॉलेजचं काय. मी विषय बदलला. का बदलला ते आता सांगते.

मी इथे लागले तेव्हा आमचं कॉलेज म्हणजे सायखेड्याच्या पुढे नदीच्या अंगाला कौलारू वर्गांची एक ओळ, मैदान आणि चिंच. मला आधी रडूच आलं होतं, कुठे येऊन पडलो म्हणून. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा उघडला आणि आमच्या शिपाई अंबूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, थांबा बाई, शेवटची गाडी यायचीय. आमच्याकडे वसतिगृहात राहणाऱ्या पोरापोरींचे डबे त्यांच्या गावाहून एसटीनं येतात. घरून कुणीतरी डबा कंडक्टरच्या हवाली करतं, तो आमच्या फाट्यावर उतरवतो, आणि ज्यांचा त्या दिवशी नंबर असेल अशा दोघी किंवा दोघं फाट्यावर जाऊन पिशव्या घेऊन येतात. दोघांनीच जायचं, कारण ओझं असतं आणि उसात बिबट्या असतो, सोंगातला नव्हे, खरा. तर नेम असा, की शेवटच्या गाडीचे डबे अंगणात येईपर्यंत कुणीही आपला डबा उघडायचा नाही. प्राध्यापकांनीसुद्धा नाही. आणि गाडी आलीच नाही, बंद पडली, संप झाला, नदीला पाणी आलं, तर सगळ्यांनी आपापले डबे मध्ये ओतायचे आणि त्यातूनच सगळ्यांनी खायचं.

हा नेम कुणी घातला, कुणालाच माहीत नाही. कुठे लिहिलेला नाही. नव्या पोरांना कुणी भाषण देत नाही. पहिल्या दिवशी एखादा झाकणाला हात घालतो, शेजारचा नुसतं बघतो, संपलं. भुकेनं पोरं चिडायची, कंडक्टरला शिव्या घालायची, एकमेकांच्या खोड्या काढायची, पण थांबायची. आणि मग काय काय निघायचं त्या डब्यांतून! बाजरीची भाकरी, कांद्याची पात, वालाच्या शेंगा, कुणाच्या आईचा डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. मी घरी सोमनाथला म्हणायचे, एवढंसं कॉलेज आहे, ना धड प्रयोगशाळा ना धड संडास, पण इथे कुणाची तब्येत बिघडली तर अख्खं कॉलेज त्याच्या गावाला जातं. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी योगिनीला कडेवर उचलून इथे आणलं असतं.

मग आले ओमसर. संस्थेच्या अध्यक्षांचे चिरंजीव, पुण्याहून मार्केटिंग शिकून आलेले. वयानं माझ्या भाच्यासारखे, पण सर म्हणायचं. बोलायला गोड. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चिंचेखाली ते थांबणं पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले, मॅडम, लोक कोटी कोटी खर्च करतात असं कल्चर दाखवायला, आणि आपल्याकडे ते फुकट पडलंय. फुकट पडलंय! उकिरड्यावर पडल्यासारखं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस आता ते उचलणार आणि धुऊन विकणार.

संक्रांतीनंतर शूटिंग ठेवलं. नाशिकहून टोळकं आलं, छत्र्या, दिवे, ड्रोन. आमच्या पोरांचे डबे त्यांना पसंत पडले नाहीत, कारण निम्मे प्लास्टिकचे आणि पिशव्या खताच्या नाहीतर साडीच्या दुकानाच्या. मग एकसारखे पितळी डबे आणले, त्यांना लाल-पांढऱ्या चौकटीची फडकी बांधली. आत केटररचं पनीर आणि जिलबी. एसटी वेळेवर येईल याचा भरवसा नाही आणि दिसायलाही कळकट, म्हणून एक खासगी मिनीबस भाड्यानं आणली. जिची वाट बघायची ती मुलगीही नाशिकहूनच आणली. आमच्या मुली उन्हानं रापलेल्या आहेत ना, त्या चालत नाहीत. माझ्याकडे बघून तो दिग्दर्शक पोरगा म्हणाला, मॅडम, तुमची साडी फ्रेममध्ये बसत नाहीये, तुम्ही जरा बाजूला व्हाल का. मी म्हटलं, बाजूला कशाला, निघूनच जाते, आणि तरातरा फाट्यावर आले.

तिथे कांचन उभी होती. दुसऱ्या वर्षाला आहे, नदीपलीकडच्या गावची. घरची शेवंती-झेंडूची शेती, आई पहाटे फुलं तोडते आणि त्यातून वेळ काढून हिचा डबा करते. त्या दिवशी डबे आणायचा तिचा नंबर होता. जोडीदारणीला शूटिंगसाठी आत ठेवून घेतलं होतं, म्हणून एकटीच आली होती. मला म्हणाली, मॅडम, लय ऊन हाय, तुम्ही सावलीला बसा, गाडी दिसली का मी हाक मारते. गाडी काही येईना. वाटेत कुठेतरी टायर बसला होता. मी म्हटलं, चल गं परत, आज आत सगळी सोय आहे. तर ही म्हणाली, असं कसं मॅडम, डबे येतील आणि फाट्यावर कुणीच नसेल तर कंडक्टर तसेच पुढे नेईल, आणि तिकडं सगळे थांबले असतील. किती सरळ बोलली बघ. तिकडं सगळे थांबले असतील.

गाडी आली. आम्ही दोघींनी पिशव्या खांद्याला अडकवल्या आणि चालत निघालो. ती वाटेत सांगत होती, आज आईनं मासवडी दिलीय, मॅडमनी एक घ्यायचीच. अंगणात शिरलो तेव्हा कुणीतरी पॅकअप म्हणून ओरडत होतं. पितळी डबे उपडे पडले होते, पोरं जिलबीची बोटं चाटत होती. एका पोरानं हिला बघितलं आणि अगदी निर्मळ मनानं म्हणाला, अगं कुठे होतीस तू, पनीर एक नंबर होतं. कांचन तशीच उभी. हिच्या दोन्ही खांद्यांना पिशव्या. मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

मला त्या पोरांचाही राग येत नाही, हीच तर खरी किळस आहे. त्यांना खरंच वाटलं की आपण थांबलो! कॅमेऱ्यासमोर तीन-चारदा थांबायला लावलं होतं ना त्यांना, माना वळवून, रस्त्याकडे डोळे लावून. थांबण्याचं सोंग इतकं मन लावून केलं की जिच्यासाठी थांबायचं ती फाट्यावर आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कांचननं नेहमीसारखे डबे ओट्यावर ओळीनं मांडले. कुणी उचलले नाहीत, पोटं भरली होती. संध्याकाळच्या गाडीनं ते भरलेलेच परत गेले. अंबूबाई पिशव्या बांधताना म्हणाल्या, बाई, पहाटं उठून थापलेली भाकर आईकडं माघारी धाडायची म्हंजी काय? त्या आईला वाटंल पोर आजारी पडलं. लय वंगाळ झालं हे. मी ओमसरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, सो सॉरी मॅडम, पण फुटेज काय आलंय!

रील गाजलं आणि पुढचा सगळा सत्यानाश झाला. आता मधल्या सुट्टीला घंटा होते. सगळ्यांनी एकसारखे टीशर्ट घालून चिंचेखाली बसायचं, घंटा दुसऱ्यांदा होईपर्यंत थांबायचं आणि मग कॉलेजचं नाव घेऊन एक घोषणा द्यायची. कुणासाठी थांबायचं? कुणासाठीच नाही. पाहुणे आले तर दाखवायला. वसतिगृहाला मेस लावली, सगळ्यांना एकाच रंगाची आमटी. घरचा डबा अंगणात उघडायचा नाही, दिसायला बरं दिसत नाही म्हणून. पोरं मोबाइल बघत थांबतात, घोषणा देतात, गिळतात आणि उठतात. फाट्यावर आता एकच डबा उतरतो, कांचनचा. तिच्या आईला मेस मान्य नाही. ती घंटा वाजवायची ड्युटी कुणाला दिलीय माहितेय? मला. ग्रंथालयाला त्या वेळेत काय काम असतं, असं म्हणाले.

आणि वर आम्हा सगळ्यांना सांगून ठेवलंय, ओळखीतली मुलं आणा. आमचे प्राध्यापक जून महिना गावोगाव लोकांच्या ओसरीवर बसून पोरं मागतात, भिक्षा मागावी तशी. आपली योगिनी आली तर ओमसर मला फुलं देतील, आमच्या दोघींचा फोटो काढतील. शी!

हे सगळं मी तुला काल फोनवर सांगितलं. इतकं नीट नाही, पण सांगितलं. माझी समजूत होती की तू हबकशील. म्हणशील, बरं झालं बाई सांगितलंस, लेकराला दुसऱ्यांदा फुफाट्यात ढकलणार होते. आणि तू काय म्हणालीस? म्हणालीस, राहू दे गं, तिला नको सांगूस. सगळीच कॉलेजं खोटं बोलतात, निदान हे खोटं गोड तरी आहे. तिनं विचारलं तर नुसतं हो म्हण, एकदा घराबाहेर पडू दे, मग होईल तिची सवय. तिथे मी फोन बंद केला. त्या काचेच्या कॉलेजांची, ओमसरांची, त्या ड्रोनची मला जेवढी शिसारी आली नव्हती तेवढी काल तुझी आली. लिहिलंय ते खोडणार नाही. ॲकॅडमीत पाठवतानाही तू तिला हेच म्हणाली होतीस, सगळ्यांची सवय होते. त्याचा शेवट गच्चीच्या जिन्यात झाला.

मी तुझी भीती ओळखते, छाया. रोज त्या लोटलेल्या दाराकडे बघत राहायचं, आत काय चाललंय कळत नाही, हात लावायची चोरी. मी आई नाही, मला ते सगळं कळणार नाही, असं तू मनात म्हणशील. म्हण. पण मी तुला आपल्या पहिल्या वर्षापासून ओळखते. आपलं नाशिकचं ते अवाढव्य कॉलेज, वर्गात एवढी गर्दी की मागच्या बाकावरून फळा दिसायचा नाही. हजेरीला सगळे प्रेझेंट सर म्हणायचे आणि मी खेड्यातली, घाबरून 'आहे' म्हणायच्या जागी म्हणाले, हाय. अख्खा वर्ग खिदळला. पुढचा आठवडाभर मी दिसले की पोरं हाय हाय करायची आणि मी कॉलेज सोडून घरी जायचं ठरवून टाकलं होतं. मग एक दिवस हजेरीत तुझं नाव आलं. तू मनमाडच्या रेल्वे क्वार्टर्समधली, स्वच्छ शहरी बोलणारी, माझी साधी ओळखही नव्हती. तू उभी राहिलीस आणि खणखणीत आवाजात म्हणालीस, हाय सर! सर बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालीस. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी म्हणाल्या. वर्ष संपेपर्यंत आमच्या तुकडीत निम्मी पोरं हाय म्हणून हजेरी देत होती आणि सर वैतागून हसत होते. कुणी होर्डिंग लावलं नव्हतं त्याचं. त्या कॉलेजात मी टिकले ती तुझ्यामुळे. आणि आज तीच तू मला सांगतेस की लेकीला गोड खोटं चालेल. मला हे पचत नाही.

आता पत्र कशासाठी ते लिहिते. योगिनीनं मागच्या आठवड्यातच मला मेसेज केला होता. एकच ओळ. मावशी, खरंच थांबतात का? तू तो तिच्या फोनवर वाचला असशील, म्हणून तर काल नुसतं हो म्हण म्हणून माझ्या मागे लागलीस. मी हो म्हटलं नाही. तुझा फोन ठेवला आणि लगेच तिला लावला. सगळं सांगितलं, पितळी डब्यांपासून त्या एकट्या उतरणाऱ्या डब्यापर्यंत, काही लपवलं नाही. सांगता सांगता मला वाटलं, झालं, ही आता पुन्हा कधी खोलीबाहेर येणार नाही आणि छाया मला जन्मात माफ करणार नाही. मग तिनं विचारलं, मावशी, मग कांचन आता कुठे जेवते? बाकी काही नाही विचारलं गं. स्वतःचं एक अक्षर नाही. मला उत्तर द्यायची लाज वाटली, पण दिलं. ग्रंथालयात, जुन्या मासिकांच्या रॅकमागे, एकटी, कारण तेव्हा मी बाहेर घंटा वाजवत असते. ती म्हणाली, मी गुरुवारी येते. प्रवेशाचं नंतर बघू, आधी जेवायला येते. आज सकाळी मी ओमसरांना तोंडावर सांगून आले की घंटेला दुसरं माणूस बघा. पुढे माझं काय करायचं ते करतील. योगिनी मनमाडहून एकटी गाडीत बसणार आहे, निफाडला मी तिला उतरवून घेईन. तुला अजून बोललेली नाही, कारण तू रडशील आणि ती विरघळेल, याची तिला धास्ती आहे. माझ्यावर हवी तेवढी चीड, वर्षभर बोलू नकोस, पण गुरुवारी तिला दारात अडवू नकोस.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तरीही तुझीच,
उज्वला